बनसोडे सरांची जित्राबं

आमच्या कॉलेजातल्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं. आहेर म्हणून कुणी स्टीलचा डबा आणला होता, कुणी भिंतीवरचं घड्याळ, कुणी टॉवेल-टोपी. बनसोडे सर मांडवात आले, थेट बोहल्यापर्यंत गेले, शर्टाच्या खिशातून कापसाचं बूच लावलेली एक काचेची नळी काढली आणि नवरदेवाच्या हातात ठेवली.

नवरदेवाला वाटलं, अत्तर असेल. त्यानं बूच काढून वास घेतला.

"आरं, हुंगून काय राहिलास!" सर ओरडले. "तुरीच्या बियाण्याला लावायचं हाय ते. वावर हाय ना तुझं? पेरायच्या आदल्या दिशी गुळाच्या पाण्यात कालवायचं, बियाण्याला चोळायचं, सावलीत वाळवायचं. आन् कुणी मागितलं तर न्हाई म्हणायचं न्हाई. ठेवलं की मेलं, वाटलं की जगलं!"

नवरदेवाची आई पुढं झाली. "बाटलीत हाय तरी काय?"

"जित्राबं," सर म्हणाले. "लाखोंनी हायेत. जपा."

बाईंनी पदराच्या टोकानं ती नळी मुलाच्या हातातून काढून घेतली आणि आहेराच्या ताटापासून चांगली लांब ठेवली.

जित्राब म्हणजे आमच्याकडे गाय, बैल, म्हैस, शेळी. दावणीला बांधायचं ते. व्यंकट बनसोडे सर नांदेडला आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे आणि सूक्ष्मजीवांना जित्राबंच म्हणायचे. नळीत तळाशी जो खरवसासारखा गोठलेला थर असतो, ज्याच्यावर हे जंतू वाढतात, तो चारा. नळ्या उभ्या ठेवायची लाकडी घोडी ती दावण. एकदा एका मुलानं उत्तरपत्रिकेत "जित्राबांना ताजा चारा घालावा" असं लिहिलं, तर बाहेरगावच्या परीक्षकांनी कॉलेजकडे खुलासा मागितला. सरांनी उलट परीक्षकांनाच कळवलं की उत्तर बरोबर आहे, मार्क कापू नयेत.

मी त्याच कॉलेजात इतिहास शिकवायचे. आमचं आणि सरांचं घर एकाच ओळीत, मधे कमरेएवढी भिंत. आमच्याकडे मी, रेल्वेत नोकरीला असलेले आमचे हे, आणि सासूबाई. पलीकडे सर आणि त्यांची म्हातारी आई, अनसाबाई. सरांचं लग्न झालेलं नव्हतं. झालं नव्हतं म्हणजे, जमता जमता राहिलं होतं. देगलूरकडे मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, चहा झाला, मुलगी आत गेली. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय मग, पसंत?"

"लई पसंत," सर म्हणाले. "मागच्या वावरातला हरभरा तुमचाच का? एक झाड उपटून नेलं तर चालंल?"

झाड मिळालं. मुलगी मिळाली नाही. सरांना त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही, कारण त्या झाडाच्या मुळांवर, त्यांच्या भाषेत, 'दावणभर' जित्राबं निघाली होती.

इथं जरा शाळामास्तरकी करते, म्हणजे पुढचं समजेल. तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवर बारीक बारीक गाठी असतात. त्या गाठींत जंतू राहतात. ते हवेतलं नत्र धरून झाडाला देतात. झाडाचं आयतं खत होतं. प्रत्येक रानातले जंतू वेगळे. काही काळ्या ओलीच्या जमिनीतच रमतात, काही मुरमाड बरडावर उन्हाच्या तडाख्यातही तग धरतात. सरांचा नाद एवढाच की नांदेड-लातूर भागातल्या रानोरानच्या मुळांवरून हे जंतू गोळा करायचे, नळ्यांत वाढवायचे, जपायचे, आणि मागेल त्याला द्यायचे. न मागेल त्यालाही द्यायचे.

सुट्टी लागली की सर शबनम पिशवीत खुरपं टाकून एस.टी.त बसायचे. उदगीरच्या अलीकडं, जळकोटजवळ एका बरड रानात तुरीचं झाड उपटताना मालकानं त्यांना पकडलं. माधवराव केंद्रे म्हणून चांगला धिप्पाड शेतकरी.

"ए ऽऽ! तूर चोरतो काय रे?"

"तूर न्हाई. मुळं बघून राहिलो."

"मुळं चोरतो?" केंद्र्यांना हा प्रकार नवीन होता.

सरांनी शांतपणे मुळावरची एक गाठ नखानं फोडून त्यांच्या पुढ्यात धरली. आतून लालसर-गुलाबी. "हे बघा, रगत. गाठ आतून अशी तांबडी असली की समजायचं, जित्राब कामाला लागलंय. तुमच्या या खडकाळ रानात, एवढ्या उन्हात! कुणाच्या रानात न्हाई असलं."

केंद्र्यांनी बायकोला हाक मारली, भावाला हाक मारली, शेजारच्या आखाड्यावरच्या, म्हणजे रानातल्या गोठ्यावरच्या, माणसाला हाक मारली. सगळ्यांनी रगत बघितलं. मग त्यांनी पाहुण्याचं नाव-गाव विचारलं. सरांनी सांगितलं, व्यंकट बनसोडे, शिरूर अनंतपाळचा. केंद्रे क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बसा. भाकर खाऊन जावा." त्या रानातल्या जंतूचं नाव सरांनी ठेवलं 'जळकोट'.

या नळ्या थंड ठेवाव्या लागत. सरांच्या घरी फ्रीज नव्हता. आमच्या ओळीत तो फक्त आमच्याकडे होता. "मॅडम, जरा जित्राबं बांधायला जागा द्या," असं म्हणून सर एका संध्याकाळी दावणीसकट आत आले. सासूबाईंना पत्ता लागला तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "किडे हायेत म्हणं त्यात! आन् भाजीशेजारी?"

"मावशी, भाजीला इचारा, तिची काय तक्रार न्हाई," सर बाहेरून म्हणाले. त्यांचे कान फार तिखट होते.

शेवटी सर्वात खालचा कप्पा जित्राबांना मिळाला. सासूबाई फ्रीज उघडताना त्या कप्प्याकडे न बघता उघडायला शिकल्या.

त्याच सुमारास उस्मानाबादचे तालुके तोडून लातूर जिल्हा नवा झाला. तिकडच्या लोकांनी फटाके उडवले, पेढे वाटले. सरांवर मात्र डोंगराएवढं काम पडलं. नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांवर 'जळकोट, जि. उस्मानाबाद', 'शिरूर अनंतपाळ, जि. उस्मानाबाद' असं लिहिलेलं. अख्खी दिवाळीची सुट्टी ते अंगणात चटईवर बसून चिठ्ठ्या सोलत आणि 'जि. लातूर' लिहून नव्या डकवत होते.

"अहो, राहू द्या की जुन्या," मी म्हटलं. "जंतूंना काय कळतंय जिल्हा!"

"असं कसं? त्यांच्या गावची कचेरी बदलली. उद्या कुणाला नळी धाडली आन् त्यानं जित्राब उस्मानाबादला शोधलं तर?"

धाडणं हाच तर त्यांचा खरा धंदा होता. कुठल्या कॉलेजातून पत्र आलं की हा मनुष्य नळी कापसात गुंडाळायचा, पुठ्ठ्याच्या डब्यात घालायचा आणि स्टँडवर जाऊन कंडक्टरच्या हवाली करायचा. सगळे कंडक्टर ओळखीचे. "सरांचं जित्राब हाय" म्हटलं की डबा ड्रायव्हरच्या पाठीमागं सावलीत बसायचा. कुणाला काय दिलं याची नोंद मात्र कधी केली नाही. "भाकर देताना कुणी लिहून ठेवतं का?" म्हणायचे.

हे सगळं ज्यांना मनापासून खुपायचं ते त्यांचे विभागप्रमुख, गादेवार सर. वाईट माणूस नव्हता. पण कुलपाचा शौकीन. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की ते व्हरांड्यातून चालले की मुलं गप्प व्हायची. हैदराबादकडच्या एका संशोधन संस्थेतल्या पद्माबाईंनी 'जळकोट'सकट सगळ्या चांगल्या जातींच्या नळ्या मागितल्या आणि बनसोडे सरांनी त्या पाठवूनही दिल्या, तेव्हा गादेवार स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत कडाडले.

"बनसोडे, तुम्ही उन्हातान्हात फिरायचं, आणि ती बाई आपल्या नावावर छापणार! आधी पेपर लिहा, नाव होऊ द्या, मग द्या काय द्यायचं ते."

"छापू द्या की सर. जित्राब तर जगंल."

"तुम्ही कधी सुधारणार नाही," गादेवार म्हणाले आणि त्यांनी चहाच्या कपांच्या कपाटाला कुलूप घातलं.

मग पाऊस रुसला. एक वर्ष जेमतेम, दुसऱ्या वर्षी तेवढाही नाही. गोदावरीच्या पात्रात मुलं क्रिकेट खेळायला लागली. आमच्या ओळीत टँकरची वाट बघत घागरी रांगेत बसू लागल्या. खेड्यांतून तर त्याहून वाईट बातम्या. अशात लातूरहून एक तरुण कृषी अधिकारी सरांना शोधत आला. त्यानं जळकोटला केंद्र्यांचं रान बघितलं होतं. आजूबाजूच्या बरडावरची तूर पिवळी पडून वाळून गेली, केंद्र्यांची मात्र हिरवी उभी. "हे औषध काय आहे?" त्यानं विचारलं होतं, आणि केंद्र्यांनी छाती फुगवून सांगितलं होतं, "माझ्याच रानातलं जित्राब हाय. नांदेडला शिकायला ठेवलंय."

अधिकाऱ्याला 'जळकोट' हवं होतं. मृगाच्या आधी त्यापासून पाकिटं करून नव्या जिल्ह्यातल्या बरडावरच्या शेतकऱ्यांना वाटायची होती. सर दोन दिवस जमिनीवर चालत नव्हते.

आणि नेमकं तेव्हाच कॉलेजात नवा फ्रीज आला. गादेवारांनी फर्मान काढलं, कॉलेजच्या वस्तू शेजाऱ्यांच्या घरी नकोत, सगळ्या नळ्या विभागात आणा. सरांनी आणल्या. गादेवारांनी फ्रीजला कुलूप घातलं, खोलीला कुलूप घातलं, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली तसे किल्ल्यांसकट तिरुपतीला आणि तिथून लेकीकडे गेले. बनसोडे सर विद्यार्थ्यांना घेऊन दुष्काळी कामावर, एका गावातला तलाव खोदायला गेलेले. गादेवार गेले आणि त्या इमारतीची डीपी जळाली. दुष्काळात कॉलेजची डीपी दुरुस्त करायला कोण येणार? पत्र्याची खोली, मे महिन्यातलं नांदेडचं ऊन, आणि आत बंद फ्रीज.

सुट्टी संपता संपता गादेवारांनी येऊन दार उघडलं, तेव्हा आम्ही चार-पाच जण तिथंच होतो. कुबट वाफ आली. नळ्यांतला चारा वाळून सालपटासारखा काचेपासून सुटला होता. काहींवर काळी-हिरवी बुरशी. सरांनी एकेक नळी उजेडात धरली. तारेनं खरवडून ताज्या चाऱ्यावर ओढून बघितलं. पुढचे काही दिवस रोज सकाळी येऊन बघायचे. काही उगवलं नाही. 'जळकोट' नाही, 'शिरूर' नाही, देगलूरचं ते सोयरिकीतलं हरभऱ्याचंही नाही.

सर रडले-बिडले नाहीत. नळ्या धुवायला बसले. धुता धुता एवढंच म्हणाले, "बांधून ठेवलेली जित्राबं, मॅडम. दावं तोडून पळता बी आलं न्हाई त्यान्ला."

गादेवार त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी सरांच्या अंगणात आले आणि किल्ल्यांचा जुडगा काढून सरांच्या पुढ्यात ठेवला. सरांनी जुडगा उचलून परत त्यांच्या हातात दिला. "तुमी काय मुद्दाम केलं व्हय? च्या घ्या."

अनसाबाई दाराशी हरभरा निवडत बसल्या होत्या. म्हातारी फारशी बोलायची नाही. त्या दिवशी मान वर न करता बोलली.

"यंकट, दुस्काळ पडल्यावर मान्सं जित्राबं काय करतेत रं?"

"पाव्हण्याकडं धाडतेत. चारापाणी असंल तिकडं."

"मंग तुझी बी हायेत की पाव्हण्याकडं. एवढी वाटलीस. जा की आणायला."

सर चहाची बशी तशीच धरून आईकडे बघत राहिले. गादेवार उठून उभे राहिले. रानं तर उन्हाळ्यात मोकळी, पुन्हा उपटायला झाड नव्हतं. पण नळ्या आणायच्या कुणाकडून? कोणाकोणाला दिलं, ते सरांना तरी कुठं आठवत होतं! मग मी एका स्थानिक दैनिकासाठी मजकूर लिहिला: 'प्रा. बनसोडे यांची जित्राबं ज्या कुणाकडे असतील त्यांनी कृपया कॉलेजात आणून द्यावीत.' नळ्या, जंतू, विज्ञान वगैरे खुलासा खाली होता. छापणाऱ्यानं जागा वाचवायला तो गाळला आणि उरलेला मजकूर 'हरवलेली जनावरे' या सदरात टाकला.

तिसऱ्याच दिवशी कंधारकडून एक माणूस म्हैस घेऊन कॉलेजच्या फाटकात हजर.

"सरांचं जित्राब हेच का? आमच्या आखाड्यावर येऊन उभं ऱ्हायलंय. चारा घालून घालून बेजार झालो."

सरांनी म्हशीला सगळीकडून बघितलं. "माझी याच्याहून जरा बारीक हायेत," ते म्हणाले.

तिचा खरा मालक सापडेपर्यंत म्हैस लिंबाखाली बांधावी लागली. प्राचार्य रोज तिच्याकडे बघत आणि काही न बोलता आत जात. जाताना तो कंधारचा माणूस म्हणाला, "मला बी द्या की एखादी नळी, सगळे म्हणतेत चांगली असते." सरांनी खिसा चाचपला. खिसा रिकामा. सरांकडे द्यायला काही नाही, असं मी पहिल्यांदाच बघत होते. ते चेहरा फिरवून म्हशीला पाणी पाजायला गेले.

पण म्हशीच्या गोष्टीनं एक काम केलं. ती एस.टी.त बसली आणि गावोगाव गेली. कंडक्टर हसत हसत सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "पर खरंच, सरांची नळी कुणाकडं असंल तर द्या राव."

आणि जित्राबं परत यायला लागली.

पहिली आणली उदगीरच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं. ती आता तिथल्या कॉलेजात शिकवत होती. दर काही महिन्यांनी ताजा चारा घालून तिनं तीन जाती जिवंत ठेवल्या होत्या. मग एका शाळामास्तरांनी काढ्याच्या बाटलीत आणली. गुरुद्वाऱ्यामागे राहणारे एक सरदारजी, ज्यांची थोडी शेतीही होती, ते ट्रकच्या केबिनमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळून दोन नळ्या घेऊन आले. "प्रोफेसरसाब, आपका जनावर जिंदा है!" त्यांनी फाटकातूनच आरोळी दिली. शिपायाचा तो जावईसुद्धा आला. त्यानं नळी भिंतीतल्या देवळीत ठेवली होती. त्यातलं काही जगलं नव्हतं. तरी तो आला होता, आणि सरांनी त्याला बसवून पोटभर गप्पा मारल्या.

गादेवारांनी फाटकाजवळ टेबल टाकलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला ते रीतसर पावती देत: 'एक नळी, बहुधा जिवंत, साभार मिळाली.' तो कारकुनी आनंद त्यांना कुणी नाकारला नाही.

मग एके सकाळी रिक्षातून एक काळ्या चष्म्याच्या, घामाघूम झालेल्या बाई उतरल्या. हातात बर्फाचा मोठा थर्मास. हैदराबादच्या पद्माबाई. कुणीतरी ट्रंककॉल करून त्यांना कळवलं होतं. त्यांनी टेबलावर थर्मास ठेवला, झाकण उघडलं आणि घाईत आपल्या तेलुगूतच बोलून गेल्या, "इदिगो सार, मीवे!"

तिथं तेलुगू समजणारे एकटे गादेवार. त्यांच्या घरीच ती बोलली जायची. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"काय म्हणाल्या?" सरांनी विचारलं.

गादेवारांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणतायत... हे घ्या सर. तुमचीच आहेत."

प्रत्येक नळीवर सरांनीच ठेवलेली नावं होती. 'जळकोट'. 'शिरूर'. 'देगलूर'. एकही नाव बाईंनी बदललं नव्हतं. गादेवारांनी पावतीपुस्तक मिटलं, उठून उभे राहिले आणि बाईंना वाकून नमस्कार केला. बाई गोंधळल्या. त्यांना बिचाऱ्यांना यामागचं महाभारत कुठं ठाऊक!

शेवटी आले केंद्रे. एस.टी.च्या टपावरून नाही, मांडीवर धरून, फुटक्या माठात आपल्या रानातल्या मातीसकट तुरीचं झाड. "नळी-बिळी मला जमत न्हाई," ते म्हणाले. "हात-तोंड धुतलेलं पाणी घालून जगवलंय. मुळाला असंल तुमचं लेकरू."

आता खरी परीक्षा होती. आलेल्या नळ्यांत कुणाकुणाच्या घरचे भलतेच जंतू घुसले होते. सर एकेक ओढून, वेगळे करून बघत होते. "हे आपलं. हे उपरं. ह्ये कुठल्या पाव्हण्याचं पोर मधीच आलंय?" मग भाजलेल्या वाळूत तुरीचं बी लावून त्याला ते ते जित्राब दिलं आणि कुंड्या व्हरांड्यात मांडल्या. मुळं बघायच्या दिवशी अख्खं कॉलेज तिथं. मराठीचे लोक, गणिताचे लोक, प्राचार्य, कँटीनवाला. सरांनी 'जळकोट'च्या कुंडीतलं रोप अलगद उपटलं, वाळू झटकली. मुळावर गाठी. एक गाठ नखानं फोडली. आत गुलाबी.

"रगत हाय!" हे सर नव्हे, गादेवार ओरडले.

काही जाती कायमच्या गेल्या त्या गेल्याच. पण बहुतेक परतल्या. मृग कोरडा गेला, पेरण्या लांबल्या, आणि त्या लांबलेल्या पेरण्यांआधी 'जळकोट' लातूरला पोचलं, पाकिटं झाली, वाटली गेली. पाऊस त्या वर्षीही हात राखूनच पडला. तरीही हिवाळ्यात, नव्या जिल्ह्याच्या बरडावर, जिथं बी फुकट जायचं तिथं तूर कमरेला लागली.

शेंगा भरल्यावर लातूरला शेतकऱ्यांचा मेळावा झाला. मी, गादेवार आणि सर गेलो होतो. माणसं मावत नव्हती. शाल-नारळ झाला. सरांना बोलायला सांगितलं तर ते माईकपाशी जाऊन म्हणाले, "मी काय केलं न्हाई. तुमच्याच रानातलं तुमाला दिलं," आणि खाली बसले. मग एक वरिष्ठ साहेब उठले. म्हणाले, हा ठेवा आता या जिल्ह्याची मालमत्ता आहे, तो आम्ही इथं कडेकोट बंदोबस्तात ठेवू.

"अजिबात नाही!"

सभा चमकली. गादेवार उभे होते. "एका जागी ठेवायचं नाही. लातूरला ठेवा, नांदेडला ठेवा, हैदराबादला ठेवा, उदगीरला ठेवा. जो मागेल त्याला द्या. आणि कुलूप," इथं त्यांचा आवाज चिरकला, "कुलूप लावाल तर याद राखा!"

टाळ्या थांबेनात. केंद्र्यांनी तर फेटा काढून हवेत उडवला. साहेबांनी तिथल्या तिथं कबूल केलं. सभा संपल्यावर शेतकऱ्यांची रांग सरांपुढं लागली आणि सरांचे खिसे पुन्हा रिकामे झाले. या वेळी वाटून वाटून.

परतीच्या एस.टी.त गादेवार झोपी गेले. अहमदपूर मागं पडलं. मी सरांना विचारलं, "सर, हे वाटायचं वेड तुम्हाला लागलं कुठून?"

सर खिडकीकडे सरकून बसले.

"शिरूरला आमच्या घरी एक म्हैस होती, मॅडम. उन्हाळ्यात एखाद्या टायमाला दही इघडायचं. मंग आई इरजण मागायला गावात जायची. लांब उभी ऱ्हायची. वरून टाकायचे तिच्या वाटीत. पुढं बापानं दीक्षा घेतली, तवापासून तिनं मागणं बंद केलं. आपलं इरजण आपुन जपायचं. जपलं बी. लई गोड दही लागायचं तिच्या हातचं." ते मांडीवरच्या शालीची घडी घालू लागले. "मागायचं दुख तिला नव्हतं एवढं. पर आमच्या घरचं कुणी कधी न्हेलं न्हाई. तिला वाटायचं, कुणीतरी वाटी घेऊन दारात यावं. मी ल्हान होतो. मला वाटायचं, मोठं झाल्यावर आपुन असं कायतरी करायचं, का लोक मागायला येतील."

मग ते हसले आणि जळकोटच्या मातीबद्दल बोलायला लागले.

घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांचा आणि अनसाबाईंचा भिंतीवरून रोजचा संवाद: गुडघे, ऊन, टँकर. पण इतक्या वर्षांत भिंतीवरून एखादी वाटी कधी गेली-आली नव्हती, हे तेव्हा कुठं आम्हा दोघींच्या ध्यानात येत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी दूध तापवलं, कोमट होऊ दिलं, फडताळातली चांदीची वाटी काढली आणि पायात चपला घातल्या. आमच्या फ्रीजमध्ये दह्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं. त्या भिंतीपाशी न थांबता फाटकातून फिरून सरांच्या दारात गेल्या.

"अनसाबाई, आमचं इरजण पार इघडलं बघा. जरा देता का?"

अनसाबाई उठल्या. भिंतीला हात लावत आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ आलाच नाही. बाहेर आल्या तेव्हा दह्याचं अख्खं गाडगंच त्यांच्या हातात होतं. वाटी शिगोशीग भरली.

"एवढं कशाला? बोटभर पुरतं की."

"ऱ्हाऊ द्या," अनसाबाई म्हणाल्या.

सर अंगणात झाडांना पाणी घालत होते. झारी रिकामी झाली होती तरी ते घालतच होते.

सकाळी आम्ही उठायच्या आत अनसाबाई भिंतीशी येऊन उभ्या होत्या. पदर डोक्यावर नीट घेतलेला.

"लागलं का वो?"

सासूबाईंनी भांडं आणून भिंतीवर ठेवलं आणि झाकण काढलं. दोघी म्हाताऱ्या त्यात वाकून बघायला लागल्या.

"लागलं की," सासूबाई म्हणाल्या. "सुरीनं कापावं असं लागलंय."